सत्तरीच्या मुलांना भेटीसाठी एक खोली हवी

प्रति,
माननीय कार्यकारी अध्यक्ष,
गोवा राज्य कायदा सेवा प्राधिकरण



वाळपईत न्यायालय आहे, नगरपालिका आहे, सामाजिक आरोग्य केंद्र आहे, कदंबचे बसस्थानक आहे. पण आईवडील वेगळे झाल्यावर ज्या पालकाकडे मूल राहत नाही, त्या पालकाला त्याने निवांत भेटावे अशी एकही जागा इथे नाही. ती जागा उभी करणे तुमच्या प्राधिकरणाच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

मी या तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत आयुष्यभर शिकवले. घरात काय चालले आहे हे मुले कधी सांगत नाहीत, पण शिक्षिकेला ते कळते. एखादी मुलगी शुक्रवारपासूनच गप्प होते, एखाद्याच्या पोटात नेमके शनिवारी दुखू लागते. चौकशी केली की समजते, उद्या पपांना भेटायचे आहे. त्या मुलाला पपा नकोसे नसतात. त्याला नको असते ते भेटीच्या वेळचे सगळे वातावरण.

न्यायालयाचा आदेश साधारण असा असतो: महिन्यातले अमुक दोन रविवार, सकाळी दहा ते एक. भेटायचे कुठे? रविवारी न्यायालय बंद. वकिलांचे कार्यालय बंद. मग बसस्थानक ठरते, देवळाचे आवार ठरते, आणि दोन्ही घरांचे फारच बिनसले असेल तर पोलीस ठाणे. मुलाला घेऊन आईबरोबर मामा येतो, वडिलांबरोबर काका येतो. मोठ्या शहरात बाप मुलाला घेऊन बागेत बसला तर कोणी वळून पाहत नाही. वाळपईत चहाच्या गाड्यावर उभा असलेला माणूस दोन्ही घरांना ओळखतो. भेट संपायच्या आत तिची हकिगत होंड्यापर्यंत पोचलेली असते, आणि सोमवारी वर्गातले कोणी ना कोणी त्या मुलाला विचारतेच. मूल हे सगळे ओळखून असते. म्हणून ते बापाच्या मांडीवर बसत नाही, आणि बापाला वाटते की याला घरून शिकवून पाठवले आहे. पुढच्या तारखेला तसा अर्ज होतो.

दुसरीकडे अशा आयाही आहेत ज्यांची मुले सासरी राहिली. नवऱ्याचे घर सोडताना मूल बरोबर आणता आले नाही, आणि आता त्या घराच्या दारात उभे राहायची त्यांची हिंमत होत नाही. भेटीच्या आदेशाचा प्रश्न बापांचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

कायदा या बाबतीत कमी पडतो असे मला वाटत नाही. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याचे कलम 21 दंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीची व्यवस्था ठरवण्याचा अधिकार देते. भेटीने मुलाचे अहित होईल असे वाटले तर ती नाकारावी, हेही तेच कलम सांगते. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 च्या दुरुस्तीने आदेश 32-अ आला. कौटुंबिक दाव्यात न्यायालयाने कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातल्या जाणत्या व्यक्तीची मदत घ्यावी अशी सोय त्यात आहे, आणि ती बाई असेल तर बरे, असेही तिथे सुचवले आहे. आमच्या तालुक्यात कौटुंबिक न्यायालय नाही, त्याचा समुपदेशक नाही. त्यामुळे या आदेशाचे मोल इथे जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या जानेवारीत एका निकालात म्हटले की आई आणि वडील दोघांचेही प्रेम व सहवास मिळणे हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे. तो निकाल न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांचा. गोव्याच्या समान नागरी कायद्याचे कौतुक करणारा 2019 चा निकालही त्यांनीच लिहिला होता. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1992 मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या नवव्या कलमात दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा हक्क मुलाच्या नावाने लिहिला आहे.

आपल्या गोव्यात घरादाराच्या वाटणीसाठी बारीकसारीक तरतुदींचा कायदा आहे. पोर्तुगीज कायद्यातली इन्व्हेंटरीची पद्धत 2012 च्या वारसा कायद्याने नव्याने बांधून दिली. काजूच्या बागेतली झाडे कोणाच्या वाट्याला जातील, हे ठरवण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच घरातल्या सहा वर्षांच्या मुलाने रविवारी कुठे बसायचे, हे मात्र दोन चिडलेल्या कुटुंबांनी रस्त्यावर ठरवावे, अशी आजची स्थिती आहे.

मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळा कक्ष आहे. इंग्लंडमध्ये ही कल्पना न्यायालयाच्या आवाराबाहेर गेली. तिथे चर्चच्या सभागृहांत, समाजमंदिरांत शनिवार-रविवारी भेटीची केंद्रे चालतात, त्यांची एक राष्ट्रीय संघटनाही आहे. या केंद्रांचे दोन प्रकार आहेत, आणि आपण शिकण्यासारखे आहे ते या फरकात. जिथे धोका कमी, तिथे आधार देणारे केंद्र: एका मोठ्या खोलीत चार-पाच कुटुंबे आपापल्या चटईवर, स्वयंसेवक आसपास, पण कोणी कान देऊन ऐकत नाही. जिथे मारहाणीचा किंवा मूल पळवून नेण्याचा धोका, तिथे देखरेखीचे केंद्र: प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ त्या एकाच कुटुंबाजवळ. आधार देणाऱ्या केंद्रात भेटीचा अहवाल लिहीत नाहीत. कोण किती वाजता आले आणि किती वाजता गेले, एवढीच नोंद राहते.

हा शेवटचा नियम वाळपईत सर्वांत आधी लागू करावा. भेटीत मूल रडले की हसले, कोणी कोणाला काय म्हटले, हे कागदावर आले की त्या खोलीची साक्षीची जागा होते. मग बाप मोबाइल काढून चित्रीकरण करतो, आई दाराशी उभी राहून ऐकते, आणि मूल पुन्हा गप्प होते. केंद्रात चित्रीकरणाला परवानगी नसावी. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका दिसला तरच स्वयंसेवकाने वर कळवावे, तेही लगेच.

माझी मागणी लहान आहे. रविवारी रिकामी असणारी एखादी शाळा किंवा नगरपालिकेची खोली. तिला दोन दारे असावीत किंवा निदान दोन वेळा. ज्या पालकाला भेटायचे आहे त्याने पाऊण वाजता येऊन आत बसावे, मुलाला घेऊन येणाऱ्याने एक वाजता यावे, आणि निघताना मूल आधी बाहेर पडावे. पंधरा मिनिटांच्या या अंतराने मामा आणि काका समोरासमोर येत नाहीत, आणि भांडणाचा निम्मा विषय तिथेच संपतो. पहिल्या भेटीच्या आधी मुलाने ती खोली एकदा बघून जावी. खेळणी कुठे आहेत, शौचालय कुठे आहे, आणि नकोसे झाले तर कोणत्या बाईला सांगायचे, हे त्याला ठाऊक असावे. सुरुवातीच्या भेटी तासाभराच्याच असाव्यात. बरेच दिवस दुरावलेल्या बापाला तीन तास काय बोलावे सुचत नाही. मग तो महागडी खेळणी आणतो आणि प्रश्न विचारतो: आई कोणाशी बोलते, आजी माझ्याबद्दल काय म्हणते. असे प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्याला आधीच शांतपणे सांगणारे माणूस हवे.

ही माणसे तुमच्याकडे आहेत. तालुका समित्यांबरोबर काम करणारे पॅरालीगल स्वयंसेवक गावोगाव आहेत. निवृत्त शिक्षिका आणि अंगणवाडी सेविकाही यायला तयार होतील. मी स्वतः येईन. सर्वांची पोलीस पडताळणी व्हावी आणि काही दिवसांचे प्रशिक्षण व्हावे. ज्या घरात मारहाण झाली आहे ते प्रकरण आम्हा स्वयंसेवकांवर सोपवू नये, एवढी विनंती ठळकपणे करते. अशा वेळी प्रशिक्षित अधिकारी पाहिजे, आणि तो मिळत नसेल तर भेट थांबलेली बरी. जी बाई जीव मुठीत घेऊन घराबाहेर पडली, तिला दर पंधरा दिवसांनी त्याच माणसासमोर उभे करणारे केंद्र कोणालाच नको.

वेळेचा विचार मात्र गोव्याचे जगणे पाहून व्हावा. मोरजी-मांद्र्याच्या हॉटेलात काम करणाऱ्याला हंगामात शनिवार-रविवार सुटता येत नाही. मोपा विमानतळावरचा किंवा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार पाळीने बांधलेला. बोटीवरचा बाप वर्षातले थोडे महिने घरी असतो, त्याला महिन्यातले दोन रविवार मोजून देण्यात अर्थ नाही. कोणाचे आजोळ चोर्ल्याच्या वर खानापूर तालुक्यात, कोणाचे दोडामार्गात, आणि पावसाळ्यात घाटाचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून आठवड्यातली एखादी संध्याकाळही खोली उघडी असावी, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल त्या दिवशी तिथूनच व्हिडिओ कॉल लावता यावा.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आदेशात ‘सण अर्धे अर्धे’ असे लिहिले जाते. चवथीला सारे कुटुंब मूळ घरी जमते, माटोळीला बांधायची रानफळे आणायला मुले मोठ्यांबरोबर रानात जातात. ते दिवस चुकले तर ते दिवाळीत भरून निघत नाहीत. कोणत्या वर्षी मूल कोणत्या घरी, पहिला दिवस कोणाचा, विसर्जनाला कोण नेणार, हे जून महिन्यातच दोन्ही घरांना वेगवेगळे बसवून ठरवता येते. आज हा अर्ज ऐन चवथीच्या आठवड्यात न्यायालयात येतो आणि त्यावर तारीख पडते ती सण उलटल्यावर.

आणखी एक गोष्ट केंद्राच्या दारावर लिहावी लागेल. ‘पैसे पाठव, मग मूल पाठवते’ आणि ‘मूल दाखव, मग पैसे देतो’ ही दोन्ही वाक्ये मी अनेक घरांत ऐकली आहेत. पोटगी हा मुलाचा हक्क आहे आणि भेट हाही मुलाचाच. एकासाठी दुसरे अडवू नये, आणि पोटगीचा वाद त्या खोलीत कोणी काढूच नये.

कायदा सेवा प्राधिकरणांच्या 1987 च्या कायद्याने बायका आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत दिली आहे. ती मदत दाव्याच्या कागदांपाशी न थांबता आदेशाच्या अंमलबजावणीपर्यंत जावी. वाळपईत सहा महिन्यांसाठी हे केंद्र चालवून पाहा. पेडणे आणि डिचोलीचा विचार त्यानंतर होऊ शकेल. सत्तरीच्या तालुका समितीला तुम्ही पत्र लिहिलेत तर खोली शोधण्याचे, झाडून घेण्याचे आणि चटया-खेळणी जमवण्याचे काम आम्ही इथल्या बायका करू. शाळांची दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी ते पत्र यावे, कारण त्या सुट्टीच्या भेटींचे आदेश त्याआधीच लिहिले जातात.

आपली,
वाळपईतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका