आपली गाणी आपणच नोंदवू या

“तू मराठी की मुसलमान?” हा प्रश्न खानदेशातल्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. कधी वर्गात, कधी भाड्याची खोली शोधताना. कधी तो प्रश्न कौतुकाच्या कपड्यांत येतो: “अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ही भाषा तुझी नाही, तू ती शिकून आलास, हे त्या कौतुकात गृहीत धरलेलं असतं.

उत्तर म्हणून आपण संविधान दाखवतो, स्वातंत्र्यलढ्यातली नावं सांगतो. ते योग्यच आहे. पण आपल्याकडे याहून जवळचा एक पुरावा आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत हातातून निसटतो आहे. तो म्हणजे आपल्या घरातली गाणी आणि आपल्या मोहल्ल्याचा इतिहास. तो गोळा करणं हे आज आपल्या पिढीचं नागरी काम आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी धुळ्यात वाढले, जळगावात शिकले. आमचं घर पिंजाऱ्यांचं. आजोबा कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. दादीची भाषा मोठी मजेची होती. वाक्य हिंदीत सुरू व्हायचं, मध्येच अहिराणीत वळायचं आणि एखाद्या उर्दू शब्दावर येऊन थांबायचं. हळदीच्या रात्री ती जी गाणी म्हणायची त्यांत बिस्मिल्लाही असायची आणि तापीचं पाणीही. तिला त्यात काही जोडतोय असं कधी वाटलं नाही. ती फक्त गात होती.

2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदवणारे साधारण 18 लाख 60 हजार लोक आहेत आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणी बोलणारे. आपल्या वस्त्यांत मात्र मातृभाषा विचारली की बहुतेक घरं “उर्दू” सांगतात. उर्दू आपली आहेच, तिच्यावर माझं प्रेम आहे. पण उर्दू सांगताना दादीची बोली गाळावी लागते असं कुणी ठरवलं? ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा जो खंड 1907 साली निघाला, त्यात खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं आहे. ही बोली मुळातच मराठी, गुजराती आणि भिल्ली यांच्या वाटेवर उभी आहे. तिच्यात आपल्यालाही जागा आहे, मागून घ्यायची गरज नाही.

हा प्रश्न नुसत्या हळव्या आठवणींचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतल्या तडवी तरुणांकडे बघा. तडवी भिल्ल ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे आणि जळगाव जिल्ह्यातले तडवी बहुतांशी मुसलमान आहेत. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या यादीत ती नाही. म्हणजे नमाज पढणारा तडवी कायद्याने तितकाच आदिवासी आहे.

पण आज हा तडवी विद्यार्थी तीन बाजूंनी अडवला जातो. एक बाजू म्हणते, धर्म बदललेल्यांना आदिवासींच्या यादीतून काढा. दुसरी बाजू आपल्यातलीच. ती सांगते की लग्नातली ढोलावरची गाणी, सातपुड्यातल्या रीती हे सगळं जाहिलियत आहे, ते सोडल्याशिवाय खरा मुसलमान होता येत नाही. आणि तिसऱ्या बाजूला पडताळणीची प्रक्रिया. तिथे कागदपत्रांसोबत जमातीच्या चालीरीती, बोली, देवदेवता, सणवार, गाणी यांबद्दल विचारलं जातं. याला ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ म्हणतात, म्हणजे अर्जदाराचं जमातीशी सांस्कृतिक नातं आहे का ते पाहायचं. आता विचार करा. ज्या मुलीला घरी सांगितलं जातं की गाणं विसर, तिलाच दुसरीकडे विचारलं जातं की गाणं आठव.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. शिक्षण, स्थलांतर आणि बदलत्या जगण्यामुळे जमातींच्या जुन्या खुणा पुसट होतात, हेही न्यायालयांनी मान्य केलं आहे. हा मोठा दिलासा आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. आपण कोण हे सांगण्याचं काम आपण केलं नाही, तर दुसरं कुणीतरी प्रश्नपत्रिका काढतं आणि गुणही तेच देतं.

मग इतिहासाचं काय? आपल्यापैकी काहीजण लगेच फारुकी सुलतानांकडे धाव घेतात. घ्यावी, पण नीट बघून. 1382 मध्ये मलिक राजाने थाळनेरला आपली सत्ता उभी केली. शिरपूर तालुक्यात तापीकाठी त्या घराण्याच्या कबरी आजही उभ्या आहेत. त्याच्या मुलाने, नासिर खानाने, बुऱ्हाणपूर वसवलं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून जवळच. या शहराला नाव दिलं आहे खुलदाबादच्या शेख बुरहानुद्दीन गरीब यांचं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शागीर्द समाच्या, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलींसाठी इतके प्रसिद्ध होते की त्यांच्या अनुयायांची भावावस्थेत डुलण्याची वेगळी धाटणीच ओळखली जाऊ लागली. खानदेशच्या राजधानीचं नाव असं गाण्यावर जीव असलेल्या एका सूफीवरून पडलं आहे. आणि त्याच शहरातल्या जामा मशिदीत, अकबराच्या काळात फारुकींनीच बांधलेल्या, अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत कोरताना त्यांचा ईमान डळमळला नाही.

तरीही मला राजांच्या गौरवात फार रस नाही. सुलतान आपले नातेवाईक नव्हते. आपले पूर्वज होते पिंजारी, मोमीन विणकर, तडवी शेतकरी, बागवान, मण्यार, खाटीक. त्यांच्या कबरींवर शिलालेख नाहीत. त्यांचा इतिहास आहे तो पिंजणाच्या तातीत, मागाच्या खटखटीत आणि बायकांच्या तोंडच्या गाण्यांत. म्हणूनच तो लवकर मरतो. दादी गेली आणि आमच्या घरातल्या हळदीच्या गाण्यांपैकी दोन-तीनच उरली, तीही अर्धवट.

जळगावकरांना यासाठी लांबचं उदाहरण नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर ओव्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातला एक मावसभाऊ यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून त्या वाचल्या. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, पुस्तक 1952 मध्ये आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्या मोहल्ल्यांतही बहिणाबाई होत्याच की. त्यांना उतरवून घेणारा सोपानदेव मिळाला नाही, एवढाच फरक.

सातासमुद्रापलीकडेही तरुणांनी हेच केलं आहे. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांनाही विचारलं जातं, तू अमेरिकन की मेक्सिकन? 1968 च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली हजारो शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांत चांगल्या शाळा होत्या, तसाच अभ्यासक्रमात आपला इतिहासही होता. त्या काळातल्या चळवळीतून विद्यापीठांत या समाजाच्या अभ्यासाचे विभाग उभे राहिले. तिथे मुलं सीमेवरच्या लोकांचे पोवाडे, म्हणजे ‘कोरिदो’, इतिहासाचं साधन म्हणून वाचू-ऐकू लागली. आमेरिको पारेदेस या अभ्यासकाने 1958 मध्येच अशा एका पोवाड्यावर पुस्तक लिहून दाखवलं होतं की पोलिसांच्या कागदांत जो गुन्हेगार आहे, तो लोकांच्या गाण्यात वेगळाच माणूस असतो. त्याच वर्षी रिची वॅलेन्स या सतरा वर्षांच्या मुलाने ‘ला बाम्बा’ हे मेक्सिकोतलं जुनं लोकगीत रॉक संगीतात गाऊन देशभर पोहोचवलं. त्याला स्वतःला स्पॅनिश धड येत नव्हतं. आजी-आजोबांची भाषा तुटली तरी गाणं धागा धरून ठेवतं, ते असं.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. अ‍ॅरिझोना राज्याने 2010 मध्ये कायदा करून टूसॉन शहरातल्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचा अभ्यासक्रम बंद पाडला. यामुळे मुलांत फूट पडते, असा आरोप होता. प्रत्यक्षात तो अभ्यासक्रम घेणारी मुलं शाळा पूर्ण करण्यात पुढे होती, असं अभ्यासकांना आढळलं. 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ती बंदी वांशिक आकसातून आली होती. स्वतःची मुळं ठाऊक असलेलं मूल देशापासून तुटत नाही. ते वर्गात जास्त ताठ मानेने बसतं.

आता दोन आक्षेप. पहिला: इस्लाममध्ये संगीत मना आहे, मग हे कशाला? यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत आणि ज्याला गायचं नाही त्याने गाऊ नये. कुणावर सक्ती नाही. पण नानीने लेकीला सासरी पाठवताना म्हटलेलं गाणं लिहून ठेवणं म्हणजे नानीचं दुःख आणि तिचा काळ लिहून ठेवणं. त्यात धर्माला धक्का लागण्यासारखं मला काही दिसत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: नोकऱ्या नाहीत, वस्तीत पाणी तीन दिवसांनी येतं, आणि तुम्ही गाणी काय घेऊन बसलात? पण आपल्या भागात हक्क आणि ओळख वेगळे काढता येत नाहीत. तडवी मुलीचा वैद्यकीय प्रवेश पडताळणीवर अडतो, तेव्हा तिची ओळख हाच तिचा हक्क असतो. भाड्याची खोली नाकारली जाते ती “तुम्ही इथले नाही” या समजुतीतून. ती समजूत मोर्च्याने हलते, तशी गाण्यानेही हलते. शाहीर अमर शेख आठवा. बार्शीत जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या सोबतीने डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गायला. हे राज्य ज्या आवाजांनी मागून घेतलं, त्यांत एक आवाज आपला होता. त्या मांडवात त्याला कुणी “मराठी की मुसलमान” असं विचारत बसलं नसेल.

तेव्हा करायचं काय? फार मोठं काही नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचं उदाहरण समोर आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या त्या कामात हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. आपल्या खिशात तर आज मोबाइल आहे. येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. आधी परवानगी घ्या. गाणं रेकॉर्ड करा, मग विचारा: हे कुणाकडून शिकलीस, कोणत्या प्रसंगी म्हणायचे, या शब्दाचा अर्थ काय? तिचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. ती अहिराणीत बोलली तर अहिराणीतच लिहा, शुद्ध करत बसू नका. जुने खरेदीखत, निकाहनामा, शाळेचा दाखला, मागाची पावती सापडली तर फोटो काढा. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून कागद जपत आलं आहे. तिथे जाऊन कागद कसे वाचतात, कसे जपतात ते शिका.

आणि हे एकट्याने करू नका. पिंजाऱ्याच्या मुलीने तडवी मैत्रिणीच्या गावी जावं, लेवा पाटलांच्या मुलाला सोबत न्यावं. त्याच्या आजीच्या आखाजीच्या गाण्यात आणि आपल्या दादीच्या गाण्यात एकच चाल सापडली, तर “तू इथला की बाहेरचा” या प्रश्नावर तुमच्याऐवजी तोच उत्तर देईल.