देणे थकले असता

भाताचा हंगाम आटोपून घरात चार पैसे येतात, आणि त्यामागोमाग देण्याच्या मुदतीही येऊन ठेपतात. पीक साधले नाही, घरात दुखणे निघाले, म्हणजे बाकी राहते. बाकी राहणे हा अपराध नव्हे. परंतु ती राहिल्यावर धनकोस तोंड चुकविणे हे सर्वस्वी नुकसानीचे आहे, असे आमचे मत आहे.

हिशेबच पाहावा. सोसायटीच्या ६०,००० रुपये पीककर्जावर ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ४,२०० रुपये होते. मुदतीत फेड करणारास केंद्र सरकारची ३ टक्के सूट मिळून त्यांतील १,८०० रुपये वाचतात. राज्य सरकारची सवलत निराळीच. उलट, हीच रक्कम खाजगी माणसाकडून दरमहा शेकडा ३ प्रमाणे काढून सोसायटी भागविली, तर वर्षास २१,६०० रुपये व्याज भरावे लागते. याला कर्ज फेडणे म्हणत नाहीत.

पनवेल तालुक्यात तर धोका याहून मोठा आहे. येथे विमानतळ झाला, जमिनीचे मोल वाढले. त्यामुळे पैसे देणाराची नजर पुष्कळदा व्याजावर नसून सातबाऱ्यावर असते. ‘तूर्त खरेदीखत करून द्या, पैसे फिटताच जमीन परत करू’ या तोंडी बोलीवर कोणीही सही करू नये. परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्यास गहाण मानीत नाही. मात्र अवैध सावकारीत जमीन गेलीच असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमान्वये १५ वर्षांच्या आत जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ साली झालेल्या कायद्याने, खतावरील आकड्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांकडे आले. तो कायदा आता राहिला नाही. परंतु कागद केवळ धनकोच्याच हाती असू नये, हा त्याचा बोध कायम आहे.

यास्तव मुदतीच्या महिनाभर आधीच सोसायटीत वा बँकेत जावे, अडचण लेखी कळवावी, जमेल तेवढी रक्कम भरून पावती घ्यावी व अर्जाच्या नकलेवर पोच घ्यावी. नैसर्गिक आपत्तीने पीक बुडाले असल्यास कर्जाचे पुनर्गठन करून हप्ते बांधून मागावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तशी सोय आहे. अनेक देणी असतील, तर ज्याचा दर जड व ज्यापायी जमीन अडकते, ते आधी वारावे.

सोसायट्यांच्या चिटणीसांसही आमची सूचना आहे. नोटीस धाडण्यापूर्वी थकबाकीदारास एकदा समक्ष बोलावून त्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. जो दार उघडे पाहतो, तो सहसा सावकाराचा उंबरा चढत नाही.