वृद्धाश्रमातील अंधार आणि समाजाचे दायित्व

सप्टेंबर २०१७ मध्ये 'इर्मा' चक्रीवादळाने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याला झोडपले. हॉलीवूड या तेथील शहरात एका वृद्ध-शुश्रूषा केंद्राची वातानुकूलन यंत्रणा विजेअभावी बंद पडली. तीन दिवस इमारत तापत राहिली आणि त्या उष्म्याने १२ वृद्धांचा बळी घेतला. रस्त्यापलीकडेच एक सुसज्ज रुग्णालय होते आणि तेथील शीतयंत्रणा चालू होती! पुढल्याच वर्षी, वीज गेल्यावरही ९६ तास खोल्या सुसह्य राखणारी जनित्रव्यवस्था अशा शुश्रूषा केंद्रांना तेथे बंधनकारक झाली.

पाश्चात्त्यांच्या व्यक्तिकेंद्री जीवनाचा हा परिपाक, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आपल्या दारी काय चित्र आहे? कोकणात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले आणि रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला प्रत्यक्ष मुंबईची वीज गेली. 'येईल तासाभरात' या भरवशावर विसंबण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

घरात वीज गेली की खिडकी उघडावी, मेणबत्ती लावावी, भागते. वृद्धाश्रमात तसे भागत नाही. पंप बंद, म्हणजे काही तासांत नळ कोरडे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची हवेची गादी बसते आणि पाठीच्या जखमा चिघळू लागतात. श्वासासाठी प्राणवायूयंत्रावर अवलंबून असणाऱ्या आजींना साधा इन्व्हर्टर जेमतेम काही तास साथ देतो. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. उकाड्यात शरीर शुष्क होत असताना त्या पाणीही मागत नाहीत. भ्रमणध्वनीचे मनोरे थंडावले की डॉक्टरांना निरोप धाडायचीही सोय उरत नाही.

२००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी निवासाची कल्पना मांडली. शासनाने नियम करावेत, तपासणी करावी. तो त्याचा धर्मच आहे. परंतु समाजाने स्वतःचे कर्तव्य शासनाच्या खांद्यावर टाकून निवांत होणे ही आपली रीत नव्हे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला वृद्धाश्रमात मिष्टान्न देणारे दाते पुष्कळ. देणगीची पाटी लागेल असा दूरदर्शन संच देणारेही मिळतात. जनित्राच्या डिझेलसाठी, बॅटऱ्या बदलण्यासाठी मात्र कोणी पुढे येत नाही, कारण तेथे नाव कोरायला जागा नसते.

किल्लारी (१९९३) असो वा भुज (२००१), आपत्तीनंतर धावून जाणारा स्वयंसेवक देशाने पाहिला आहे. आता त्याने आपत्तीपूर्वीही वृद्धाश्रमाच्या दारी जावे. वस्तीतील आश्रमात यंत्रावर अवलंबून असलेले किती, चालू न शकणारे किती, याची यादी करावी. महिन्यातून एकदा जनित्र प्रत्यक्ष भार देऊन चालवून पाहावे. ते तळघरात नसावे, पुराच्या पाण्यात प्रथम तेच बुडते. आणि त्याचा विषारी धूर खोल्यांत शिरणार नाही, इतके ते दूर असावे. गच्चीवरील टाकी सदैव भरलेली, विजेऱ्या हाताशी, इन्सुलिनसाठी ओलसर मातीचे मडके तयार. ज्यांच्याकडे वीज टिकते असे जवळचे रुग्णालय वा मंगल कार्यालय आधीच ठरवून ठेवावे आणि कोणी कोणाला उचलून न्यायचे, हेही नावानिशी ठरवावे.

यास फार पैसा लागत नाही. आठवण ठेवणारी माणसे लागतात. फ्लोरिडातील त्या बारा जणांच्या आणि जीवनाच्या मध्ये केवळ एक रस्ता होता. तो ओलांडून कोणी वेळेवर आले नाही. ज्येष्ठांविषयीच्या पूज्यभावाचा आपण अभिमानाने उच्चार करतो. तो भाव खरा की केवळ उत्सवी, याची परीक्षा दिवे गेल्यावरच्या पहिल्या तासात होणार आहे.