२०० तास आणि पुढचे १३००

सोनगीरच्या दक्षिणेला धुळ्याची गोंदूरची धावपट्टी आहे, उत्तरेला शिरपूरची तांड्याची. आमचं गाव या दोन्हींच्या मधे, मुंबई-आग्रा महामार्गावर. मुंबईत १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूच्या गर्दीतून आपलं उड्डाण प्रशिक्षण गोंदूरला आणलं. जे. आर. डी. टाटा ज्या क्लबात विमान उडवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळवून बाहेर पडले, तोच हा क्लब. शिरपूरला एसव्हीकेएम या शिक्षणसंस्थेची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. पलीकडे जळगावच्या कुसुंबा विमानतळावर प्रशिक्षणासाठी जागा देण्याचा निर्णय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये घेतला. मुंबई-पुण्याच्या लोकांना खान्देश म्हटलं की केळी, कापूस आणि भरीत आठवतं, पण देशाचे वैमानिक घडवणाऱ्या मोजक्या पट्ट्यांपैकी हा एक आहे, हे त्यांच्या गावी नसतं.

आपल्या पोरांना मात्र ते ठाऊक आहे. डोक्यावरून रोज विमान जातं म्हटल्यावर स्वप्न पडणारच. हे सदर शिक्षण आणि रोजगाराचं असल्यामुळे त्या स्वप्नाचा हिशेब माझ्याकडे येतो. बारावीचा निकाल लागला की कोणीतरी बाप ओट्यावर बसून विचारतो, ‘मना पोऱ्याले पायलट करनं शे, कितला पैसा लागतीन?’ पैसे किती लागतील ते सांगता येतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यापर्यंत जायला आजच्या घडीला साधारण पन्नास-साठ लाख, काही ठिकाणी त्याहून जास्त. पण तो बाप विचारत नाही आणि संस्थेच्या माहितीपत्रकातही ठळक छापलेला नसतो, असा प्रश्न तासांचा आहे. किती तास, कसले तास, ते किती दिवसांत, आणि त्यानंतर काय?

आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात, शेजारी इन्स्ट्रक्टर नसताना. ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचं एक लांब उड्डाण करायचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. रात्रीची उड्डाणं वेगळी, बाहेर काही न बघता केवळ उपकरणांच्या भरवशावर उडवायचे तास वेगळे. म्हणजे २०० हा आकडा एकसंध नाही, त्यात कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा भरावाच लागतो. जिथे धावपट्टीवर रात्रीच्या दिव्यांची सोय नसेल तिथल्या विद्यार्थ्याला रात्रीच्या तासांसाठी दुसरा विमानतळ गाठावा लागतो. १९० तास झालेला मुलगा याच एका कप्प्यासाठी महिनोन्‌महिने अडकून पडतो आणि घरी फोनवर सांगतो, ‘झालंच आहे, थोडं राहिलंय.’

इथवर आल्यावर गावात पेढे वाटले जातात. त्यांचा आनंद खरा असतो, आणि मी तो कमी लेखत नाही. पण एअरलाइनच्या विमानाचा कॅप्टन व्हायचं तर लागतो तो परवाना निराळा, एटीपीएल. त्याची अट १५०० तासांची. वय २१ पूर्ण हवं, परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात आणि कप्पे इथेही आहेत: रात्रीचेच १०० तास लागतात, शिवाय विमानाची सूत्रं हातात घेऊन केलेल्या, लांब पल्ल्याच्या आणि उपकरणांवरच्या उड्डाणांचे हिशेब स्वतंत्र. २०० आणि १५०० यांच्यामधले हे १३०० तास विकत घेण्याची ऐपत भल्याभल्यांची नाही. ते नोकरीतच मिळवायचे असतात, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, कॅप्टनच्या उजव्या हाताला बसून. वैमानिकाला वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, तशी कायद्याची मर्यादा आहे. सातशे-आठशे तास मिळाले तरी दीड-दोन वर्षांत १५०० चा पल्ला गाठता येतो. नोकरी लागलेल्याला ही अट जड नाही. सगळी अडचण ती नोकरी लागेपर्यंतची आहे.

परवाना हातात आल्यावर लगेच एअरबस किंवा एटीआर उडवता येत नाही. त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं आणि बहुतेक वेळा त्याचा खर्च मुलाच्याच माथी येतो, आणखी पंधरा-वीस लाख. फ्लाय ९१ या विमान कंपनीची एटीआर विमानं २०२४ पासून जळगावला येऊ लागली तेव्हा अनेक घरांत आशा पालवली की आता आपल्या दारातच नोकरी आली. एका लहान कंपनीला लागून किती वैमानिक लागतील? देशात वैमानिकांची टंचाई आहे हे खरं आहे. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ती देशाने पाहिली. पण टंचाई असते ती अनुभवी कॅप्टनची. नुकत्याच २०० तासांवर आलेल्यांची रांग मात्र लांबच आहे. त्या रांगेत उभं राहायचेही पैसे पडतात. उपकरणांवर उडण्याची पात्रता, म्हणजे आयआर, वर्षभराने संपते. ती जिवंत ठेवायला पुन्हा विमान भाड्याने घ्या, पुन्हा तपासणीचं उड्डाण करा. ज्याच्या बापाने शेत गहाण टाकलंय त्याला हा न संपणारा खर्च परवडत नाही, आणि मग परवाना असलेला पोरगा मोबाइलच्या दुकानात बसतो. अशी मुलं खान्देशात आहेत. त्यांची नावं मी लिहिणार नाही.

दोनशे तास वेळेत का होत नाहीत, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. आपल्याकडचं हवामान प्रशिक्षणाला चांगलं आहे असं म्हणतात, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी ते खरंच उत्तम असतं. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की शिकाऊ विमान जमिनीवरच. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी जास्त लागते आणि दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या गरम झोतांनी छोटं विमान सारखं हेलकावत राहतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे दोन-तीन तासच कामाचे. त्या तासांत एका विमानामागे दहा-बारा विद्यार्थी असतील, एखादं विमान सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये उभं असेल, इन्स्ट्रक्टर सोडून गेला असेल, तर पोराच्या वाट्याला आठवड्याला एखादा तास येतो. एका आठवड्यात शिकलेलं दुसऱ्या आठवड्यात हातातून निसटतं आणि तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो. वर्षभरात पूर्ण व्हायचं ते शिक्षण अडीच-तीन वर्षं चालतं. फी मात्र पहिल्या सहा महिन्यांतच भरून झालेली असते.

याच कोंडीतून तास ‘करून घेण्याचा’ रस्ता निघतो. २०११ मध्ये हे देशासमोर उघड झालं. गोव्यात उतरताना एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं, चौकशी झाली, आणि त्या वैमानिकाने एटीपीएल मिळवताना खोटी गुणपत्रिका दिल्याचं बाहेर आलं. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हजारो परवाने तपासायला घेतले, अटका झाल्या. राजस्थानातल्या एका प्रकरणात तर न उडवलेले तास लॉगबुकात भरल्याचा तपास झाला. विमान जमिनीवर उभं आणि कागदावर ते हवेत! त्या पोरांनी पाप केलं यात शंका नाही. पण त्यांना ते तास विकणारं कोणीतरी होतं, त्यावर सही करणारं कोणीतरी होतं. लॉगबुकातला खोटा तास म्हणजे पुढे कधीतरी मागच्या सीटांवर बसणाऱ्या दीडशे-दोनशे माणसांच्या जिवावर काढलेली उचल. याबाबतीत मी कुठल्याही दयेच्या बाजूचा नाही. सही करणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा परवानाही कायमचा जायला हवा.

मग तासांची अटच वाढवावी का? अमेरिकेने वाढवली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं आणि विमानातले ४९ व जमिनीवरचा एक अशी ५० माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी लढा दिला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांशिवाय एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. पण त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून बरेच जास्त तास होते. वेग कमी होऊन विमान पडायला लागल्याचा इशारा मिळाला तेव्हा कॅप्टनने नाक खाली घेण्याऐवजी वर खेचलं. म्हणजे तास होते, त्या क्षणाची तालीम नव्हती. आमच्या सोनगीरचे तांबट हंडा घडवतात, तेव्हा त्यावर किती ठोके पडले हे गिऱ्हाईक विचारत नाही, पाणी भरून बघतं. तासांचंही तसंच आहे. युरोपात आणि आपल्याकडे सहवैमानिकाला दोनशे-अडीचशे तासांवर घेतात आणि कंपनीच्या कडक प्रशिक्षणातून पुढे नेतात. माझ्या मते ही पद्धत चांगली आहे, पण पहिले २०० तास अस्सल असतील तरच. आपल्याकडे अमेरिकेसारखी अट आणली तर शेतकऱ्याच्या पोराला हा रस्ता कायमचा बंद होईल, आणि विकतच्या तासांचा बाजार दुप्पट होईल.

हे तास किती महाग असतात ते चोपडा तालुक्याला माहीत आहे. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचं शिकाऊ विमान वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. परिसरातल्या आदिवासींनी धावत जाऊन तिला बाहेर काढलं. ज्यांच्या घरातलं कोणी आजवर विमानात बसलं नसेल अशा माणसांनी. खान्देशाने हे विसरू नये.

आता करायचं काय? माझी मुख्य मागणी एकच आहे आणि ती सोपी आहे. फी उडवलेल्या तासांप्रमाणेच घेतली जावी. आधी तास, मग पैसे. विद्यार्थ्याने दिलेली रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात राहावी आणि लॉगबुकात तास चढतील तशी ती संस्थेला मिळावी. विमानाचं इंजिन किती तास चाललं याची नोंद विमानात असतेच, ती विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांशी दर महिन्याला ताडून पाहावी. २०० तास पूर्ण करायला मागच्या तुकडीला सरासरी किती महिने लागले, हे प्रत्येक संस्थेने दारावर लावावं. डीजीसीएने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणी-यादी काढली तेव्हा ए प्लस आणि ए या वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था नव्हती. सगळ्या बी आणि सी मध्ये. ही यादी काढली हे चांगलंच झालं, पण बापाला ती वाचायला मिळते कुठे? ती मराठीत यावी आणि प्रवेशाच्या अर्जासोबत जोडणं सक्तीचं व्हावं.

राज्य सरकारनेही यात उतरलं पाहिजे. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली, ती दिशा योग्य आहे. धुळे, शिरपूर, जळगाव इथे धावपट्ट्या असताना खान्देशातल्या आदिवासी मुलाला अशी जागा त्याच्याच जिल्ह्यात का मिळू नये? अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचा तिचा बेत आहे. तिथे विमानं जास्त असतील, तास लवकर होतील, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांना कंपनीच्या कॉकपिटची वाटही जवळची असेल. मुलींचंच बघा. वैमानिक सौदामिनी देशमुख १९८५ मध्ये फक्त स्त्रियांच्या चमूसह इंडियन एअरलाइन्सचं विमान घेऊन निघाल्या. इतक्या वर्षांनंतरही तालुक्याच्या गावातल्या मुलीला सहवैमानिकाच्या खुर्चीपर्यंत पोचायला बापाची जमीन विकावी लागते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि ज्यांच्या घरात या आठवड्यात हाच विषय चालू असेल त्यांच्यासाठी. पैशाची जुळवाजुळव करण्याआधी मुलाची डीजीसीएची पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, डोळ्यांपासून हृदयापर्यंत काही अडलं तर तिथेच कळेल. हिशेब परवान्यापर्यंतचा धरू नका, टाइप रेटिंग आणि नोकरी लागेपर्यंतची दोन वर्षं त्यात धरा, आणि तेवढं जमत नसेल तर जमिनीला हात लावू नका. संस्थेत गेलात की हँगरमध्ये उभी आणि प्रत्यक्ष उडणारी विमानं वेगवेगळी मोजा. मग मागच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याचं लॉगबुक बघायला मागा, पहिल्या तासाची तारीख आणि दोनशेव्या तासाची तारीख. दाखवायला नकार दिला, तर चेक खिशातच ठेवून घरी परत या.