वजन घटविणारी इंजेक्शने आणि आपले ताट

मार्च २०२५ मध्ये एली लिली या कंपनीने टिर्झेपेटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने भारतीय बाजारात आणले. जूनमध्ये नोवो नॉर्डिस्क कंपनीचे 'वेगोव्ही' आले आणि डिसेंबरमध्ये त्याच कंपनीचे 'ओझेम्पिक'. पुढे मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या मूळ द्रव्यावरील भारतीय पेटंटची मुदत संपली व देशी कंपन्यांना तेच औषध स्वस्तात विकण्याचा मार्ग मोकळा झाला. कालपर्यंत परदेशी चित्रतारकांच्या बातम्यांतून कानावर पडणारी ही नावे आता नाशिकसारख्या शहरातील मध्यमवर्गीय घरांच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत. म्हणूनच त्यांचा विचार केवळ वैद्यकीय बातमी म्हणून करून भागणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लठ्ठ माणूस म्हणजे खादाड, आळशी, मनाचा दुबळा, हे समीकरण आपल्या समाजात फार खोल रुजले आहे. शरीराचे वजन ठरविण्यात आनुवंशिकता, संप्रेरके, झोप, ताण, बैठे काम यांचा किती वाटा असतो, याची जाणीव फारच थोड्यांना असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी वा लठ्ठ आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. एवढ्या लोकांना एकाच वेळी आळसाने घेरले, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. ज्यांना या आजाराने गुडघे, हृदय, यकृत यांचे विकार जडले आहेत, त्यांना गुणकारी औषध मिळत असेल तर ते घेण्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

औषध गुणकारी आहे, यात शंका नाही. जेवणानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिनची सूचना देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला 'पुरे झाले' असा निरोप पोहोचविते. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसे होते. औषधातील त्याची प्रतिकृती मात्र आठवडाभर टिकते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या प्रमुख चाचणीत १,९६१ व्यक्तींचा सहभाग होता. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे केवळ २.४ टक्क्यांनी.

परंतु आकड्यांपलीकडे एक गोष्ट घडते. ज्याच्या मनात सकाळच्या चहाबरोबरच दुपारच्या जेवणाचे विचार घोळू लागत, त्याच्या मनातील ती अखंड कुजबुज थांबते. अनेकांना ही सुटका वाटते, आणि ती खरोखरच सुटका असते. काहींना मात्र रिकामेपण जाणवते. रविवारची मिसळ, सोबतचा पापड, मित्रांचा घोळका हे सारे तसेच असते. पण चार घास होताच पोट नको म्हणते. तेलकट तर्री मळमळ वाढविते. खाण्याच्या निमित्ताने जमणाऱ्या माणसाला मग जमायचे कशासाठी, हा प्रश्न पडतो.

आपल्याकडे अन्नातून प्रेम व्यक्त करण्याची रीत आहे. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना आणखी एक पुरणपोळी पडते, आमरसाची वाटी पुन्हा भरली जाते. पानात टाकणे हा अन्नाचा आणि वाढणारीचा अपमान समजला जातो. अशा घरात इंजेक्शन घेणारा मुलगा अर्धी पोळी खाऊन उठला की आईला वाटते, आपले काही चुकले. पुष्कळजण औषधाची गोष्ट घरात लपवितात, त्यामुळे हा पेच आणखी वाढतो. औषध घेणारी व्यक्ती गृहिणीच असेल तर परिस्थिती अधिक बिकट होते. फोडणीच्या वासाने तिला मळमळते, तरी दोन वेळचा स्वयंपाक सुटत नाही. ती सर्वांत शेवटी जेवत असल्यामुळे तिच्या पोटात दिवसभरात किती गेले, याकडे कोणाचे लक्षही जात नाही. आग्रह करणाऱ्या समाजात आग्रह तिला कधी होतच नाही, ही आपल्या पाहुणचाराची दुसरी बाजू आहे.

उपवासाचाही येथे ओझरता उल्लेख हवा. एकादशी असो, रमजान असो वा आपला प्रायश्चित्तकाळ, भूक लागलेली असताना ती स्वेच्छेने बाजूला ठेवणे हा उपवासाचा गाभा असतो. (साबुदाणा आणि भगरीच्या राशी पाहता 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही, हे खरे.) ज्याची भूकच औषधाने निजविली आहे, त्याने न जेवण्यात त्याग कोणता? उलट इन्सुलिन वा तत्सम औषधे सोबत चालू असलेल्या मधुमेहीने उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. ख्रिस्तसभेच्या नियमांतही आजारी व्यक्तींना उपवासातून सूट आहे. अशा रुग्णांनी ती संकोच न करता घ्यावी.

वाचकहो, या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धागा पुण्यातून येतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपल्या लोकांची ठेवण आहे. तिचे मूळ मातेच्या गर्भात सापडते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र तुलनेने टिकून होती.

याचा अर्थ असा की, सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरील अर्धपोटी गरोदर माता आणि नाशिक शहरातील मधुमेही हे दोन वेगळे विषय नाहीत. आज कुपोषित राहिलेले बाळ उद्या शहरात येऊन वडापाव व तेलावर वाढले की त्याच्या कंबरेचा घेर फुगू लागतो. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली असताना लठ्ठपणावर केवळ इंजेक्शनाने मात करू पाहणे म्हणजे उगमाकडे न पाहता पूर उपसणे होय.

औषध घेणाऱ्यालाही या ठेवणीचा थेट संबंध आहे. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. मुळातच कमी स्नायू असलेल्या, वरणभात व पोळीवर राहणाऱ्या माणसाचे जेवण निम्म्यावर आले की प्रथिनांची तूट पडते. म्हणून त्या लहानशा ताटात आधी उसळ, अंडी, मासे, दही, मग पोळी आणि सर्वांत शेवटी भात, असा क्रम लावावा लागतो. वजने उचलण्याचा वा तत्सम ताकदीचा व्यायामही करावा लागतो. आहारतज्ज्ञाशिवाय दिलेले हे इंजेक्शन म्हणजे अर्धवट उपचार होय. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधासोबत आहार व व्यायामाचे सघन मार्गदर्शन असावे असे म्हटले आहे, आणि उपचार दीर्घकालीन गृहीत धरला आहे.

'दीर्घकालीन' हा शब्द नीट वाचावा. वरील चाचणीतील काही व्यक्तींचा औषध थांबविल्यानंतर वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. मौंजारोच्या प्रारंभीच्या मात्रेची आठवड्याची एक कुपी बाजारात आली तेव्हा ३,५०० रुपयांना होती. किमती उतरल्या तरी खर्च वर्षानुवर्षांचा आहे. लग्नापूर्वी चार महिने इंजेक्शन घेऊन थांबणाऱ्याचे वजन परतते, पण गेलेले स्नायू तितक्या सहजासहजी परतत नाहीत.

स्वस्ताईबरोबर गैरवापरही येतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळावीत असा नियम आहे, आणि १९५४ च्या औषधी व जादूई उपचार अधिनियमाने लठ्ठपणा घालविण्याच्या औषधांची जाहिरात निषिद्ध केली आहे. तरीही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे रोज झळकतात. अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांतील चिठ्ठ्यांची तपासणी आताच कडक करावी. बनावट कुपी बाजारात सापडण्याची वाट पाहू नये. रुग्णानेही पहिले इंजेक्शन टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: मला याची खरोखर गरज आहे का, मी काय आणि किती खावे, आणि हे कधी व कसे थांबवायचे.