शिक्षा मैदानावरच हवी!

पंचांच्या निर्णयावर खेळाडूने थयथयाट करावा, सामना संपावा, प्रेक्षक घरोघर जावेत, आणि मग सामनाधिकाऱ्यांनी सावकाश बसून त्या खेळाडूच्या मानधनातून काही टक्के कापून घ्यावेत, ही आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील न्यायदानाची रीत आम्हांस कधीच पटलेली नाही. ह्याला न्याय म्हणत नाहीत. वरातीमागून घोडे म्हणतात!

उदाहरण परक्यांचे कशाला? आपल्या घरचेच देतो. २२ जुलै २०२३ रोजी ढाक्यातील मीरपूरच्या मैदानावर भारत व बांगलादेश ह्यांच्या महिला संघांचा तिसरा एकदिवसीय सामना झाला. बाद दिल्याचा संताप येऊन भारताच्या कर्णधार हरमनप्रीत कौर ह्यांनी बॅटने यष्टी उडवली आणि बक्षीस समारंभात पंचांवर उघड तोंडसुख घेतले. दोन्ही संघांच्या धावा २२५! सामना बरोबरीत सुटला, मालिकाही बरोबरीत सुटली. मागाहून कौर ह्यांना मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि दोन सामन्यांची बंदी झाली. ती बंदी त्यांनी भोगली सप्टेंबरात, चीनमधील हांगचौच्या आशियाई स्पर्धेत. म्हणजे गुन्हा एका सामन्यात आणि शिक्षा दुसऱ्याच स्पर्धेत.

वास्तविक क्रिकेटच्या नियमांत ह्यावर उपाय २०१७ सालीच आला आहे. नियम करणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने ४२व्या नियमान्वये गैरवर्तनाच्या चार पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीला ताकीद, आणि तो संघ पुन्हा चुकला तर प्रतिपक्षाला पाच धावा. दुसरीला थेट पाच धावा. तिसरीला पाच धावा देऊन शिवाय खेळाडूला काही काळ मैदानाबाहेर काढावयाचे. चौथीला उरलेल्या सामन्यातूनच हकालपट्टी. परंतु आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ह्यातली चौथी पायरी तेवढी उचलली आणि बाकीचे सारे मागाहून चालणाऱ्या चौकशीवर सोडले. मीरपूरच्या कृत्याला परिषदेनेच आपल्या संहितेत दुसऱ्या पायरीचा गुन्हा ठरविले. त्या दिवशी पाच धावांचा नियम लागू असता, तर बरोबरीच्या त्या सामन्याचे काय झाले असते, हे वाचकांनीच मांडून पाहावे!

फुटबॉलमध्ये १९७०च्या विश्वचषकापासून पंचाच्या खिशात पिवळे व लाल कार्ड असते. आपल्या मातीतल्या कबड्डीतही पिवळे कार्ड दिसताच खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, आणि त्याची उणीव सोबत्यांना तिथल्या तिथे जाणवते. दंडाची रक्कम मात्र आजच्या नामांकित पुरुष खेळाडूंच्या खिशाला चिमटाही काढीत नाही. (महिलांच्या मानधनाची गोष्ट अगदी अलीकडेपर्यंत निराळी होती, हेही सांगितले पाहिजे.)

पंच चुकतात, असे कोणी म्हणेल. चुकतात, कोण नाही म्हणतो? त्या चुकीसाठी फेरतपासणीची सोय वाढवा, नालायक पंच बदला. पण चुकीच्या निर्णयाचे उत्तर बॅटने द्यावयाचे ठरले, तर आझाद मैदानावर भर उन्हात एकटा उभा राहणारा पंच काय करील? त्याच्या मदतीला कॅमेरा नाही, सामनाधिकारी नाही. दूरचित्रवाणीवर जे पाहिले तेच शाळकरी पोरे त्याच्यापुढे करून दाखवितात.

परिषदेने ४२वा नियम अखेरच्या अक्षरापर्यंत स्वीकारावा, अशी मागणी भारतीय क्रिकेट नियामक मंडळानेच पुढे होऊन करावी. परिषदेत आज मंडळाच्या शब्दाला केवढे वजन आहे, हे जगाला ठाऊक आहे. मीरपूरला त्या पाच धावा आपल्याच विरुद्ध गेल्या असत्या, हे पुरते जाणून आम्ही हे लिहीत आहो.