लहान मुलं आणि मोर्चा

परवा जेवताना आमच्याकडे चांगलीच जुंपली. विषय काय, तर सात वर्षांच्या नातीला हवामान बदलाच्या मोर्चाला न्यायचं की नाही! लेक म्हणाली, नेणार. जावईबापू म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं? मुलांना वापरणं आहे हे." जावयाशी वाद घालू नये म्हणतात, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता इथे लिहिते.

हा 'वापर' शब्द नवा नाही. जुलै 2022 मध्ये मुंबईत 'आरे वाचवा' आंदोलनात मुलं फलक घेऊन उभी राहिली. तेव्हा राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने पोलिसांना पत्र लिहून आदित्य ठाकरे यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं. कारण हेच, मुलांचा वापर.

अहो, मी 34 वर्षं शाळेत शिकवलं. कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून पोरांच्या हातात झेंडे देऊन त्यांना दोन-दोन तास उन्हात उभं केलंय. पाहुणा कोण, कशाला येतोय, एकालाही ठाऊक नसायचं. एखादं पोर चक्कर येऊन पडायचं. मी त्याला कांदा हुंगवायची आणि पुन्हा रांगेत उभं करायची... तेव्हा कुठल्याच आयोगाचं पत्र आलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, त्याची आज लाज वाटते.

'झाडे लावा, झाडे जगवा' म्हणत आम्ही प्रभातफेऱ्या काढल्या, त्याचं मात्र कौतुक झालं. म्हणजे 'झाडे लावा' म्हटलं की संस्कार आणि 'झाडे तोडू नका' म्हटलं की वापर!

मुलांना कार्बन डायऑक्साइड कळत नाही, कबूल. पण 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेतली झाडं पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला थांबवेपर्यंत 2000 हून जास्त गेली. रात्रीच का तोडली असतील? सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारा. लपूनछपून काय करतात, ते त्यांना बरोब्बर कळतं.

जावईबापूंचं एक म्हणणं मात्र पटलं. मुलांना घाबरवायचं नाही. 'जग बुडणार' असला फलक तिच्या हाती द्यायचा नाही. फलक तिचा तिने लिहावा, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट (मी शिक्षिका असून सांगतेय!). टोपी, पाणी बरोबर हवं, आणि ती "आजी, घरी चल" म्हणाली की लगेच घरी. ही मुभा मी माझ्या विद्यार्थ्यांना दिली नव्हती.

शेवटी एक साधं गणित. आपल्या देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070 साल ठरवलंय. तेव्हा मी नसेन. जावईबापू ऐंशीच्या घरात असतील. नात पन्नाशीत असेल. ज्या वायद्याची तारीख तिच्या आयुष्यात पडते, त्याबद्दल बोलायला ती लहान कशी?

असो. रविवारी आम्ही तिघी जातोय. जावईबापू, पाण्याच्या बाटल्या उचलायला माणूस हवाय. येताय ना?